पाणसळ

दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी
मी दुर्बीण, तिपाई आणि मापपट्टी घेऊन
टॅलमन बिल्डिंगच्या दारात उभा राहतो.
जोत्याच्या दगडातली पितळी खूण
थुंकी लावून पुसतो
आणि वहीत लिहितो : यंदा अष्टमांश इंच.
पहारेकरी विचारतो, अजून जातेच आहे का खाली?
मी म्हणतो, जातेय. पोचली नाही अजून.

पंधरा मजले, सगळे विटेच्या जिवावर.
पोलादी सांगाडा तेव्हा शिकागोत आला होता,
पण टॅलमनबाईंचा त्याच्यावर भरवसा नव्हता.
लोखंड गंजतं, म्हणाल्या. वीट कधी गंजली का?
म्हणून तळाशी भिंत सहा फूट जाड,
वर जाता जाता रोडावत
शेवटच्या मजल्यावर हातभर.
तळमजल्यावरच्या टोपीवाल्याचं अर्धं दुकान
भिंतीनंच खाल्लं,
भाडं त्यानं पूर्ण भरलं.
खिडकीच्या खोबणीत त्याची पोरगी
पाय पसरून झोपायची.

एझ्रा क्विम्बीनं नकाशात पानं काढली होती,
दारावर, कमानीवर, छज्जाखाली : ओकची पानं.
बाईंनी नकाशा उलटा ठेवला.
पानं भाडं देतात का?
नुसती वीट उरली मग, तपकिरी, सरळ,
आणि कोपऱ्यांना किंचित गोलाई,
जी गवंड्यांनी तिरक्या साच्यातून काढली.
तिचे पैसे लागले नाहीत.
किंवा बाईंच्या लक्षात आलं नाही.

खाली खडक नाही इथं.
सरोवर मागं सरलं तेव्हा सोडून गेलेली
निळी चिकणमाती, बोट रुतेल अशी.
क्विम्बीला ते ठाऊक होतं.
त्यानं हिशेब केला : नऊ इंच खचेल.
आणि उंबरा नऊ इंच वर घेतला,
म्हणजे खचून खचून एक दिवस
तो रस्त्याला येऊन टेकेल.
कागदावर माणसानं
स्वतःच्या पडतीसाठी एवढी जागा राखलेली
मी दुसरीकडे पाहिली नाही.

नऊ इंच चौथ्या वर्षीच संपले.

आई बोहेमियाहून आलेली, रात्री जिने पुसायची,
पंधराव्यापासून खाली, गुडघ्यांवर.
पहिल्या हिवाळ्यात दारात दोन पायऱ्या चढायची, म्हणे,
मग एकच,
मग नुसतं पाऊल टाकलं की आत.
शेवटी शेवटी उतरावं लागायचं.
ही माझ्याआधी वाकली, म्हणाली,
आणि गुडघ्यांना तेल चोळत बसली.

शेजारी पोलादाची इमारत उभी राहिली,
तिचे पाय खोल खडकापर्यंत. ती हलली नाही.
तिसऱ्या मजल्यावर दोघींमध्ये दार पाडलं होतं,
वकील इकडे, त्यांची दप्तरं तिकडे.
दारात एक फळी टाकली.
पुढच्या वर्षी फळीला उतार आला.
त्याच्या पुढच्या वर्षी ओसवाल्ड कीनची
फायलींची हातगाडी आपल्या आपण सुटली
आणि थेट वरिष्ठांच्या टेबलापाशी थांबली.
तेव्हापासून फळीला आडव्या पट्ट्या आहेत.

लिफ्टवाला ल्युशस पेटिफर्ड
पितळी दांडा धरून विचारतो, कितवा?
मी म्हणतो, तळघर.
तो हसतो. थांबा, म्हणतो, थोड्या वर्षांत
तुम्हाला लिफ्ट लागणार नाही.

तळघरात मी चारी कोपऱ्यांना पाणसळ लावतो.
बुडबुडा मधोमध.
चौतीस वर्षं, बावीस इंच,
आणि गिलाव्याला भेग नाही कुठे,
कारण चारी बाजूंनी सारखीच खाली गेली,
न भांडता, न कलता.

यंदा ईशान्येचा कोपरा केसभर जास्त आला.
काच पुसली. पुन्हा मोजलं.
दुर्बीण हलवून तिसऱ्यांदा मोजलं.
वर टपालाच्या काचनळीतून
कुणाचं तरी पत्र सळसळत खाली आलं
आणि पेटीत पडलं.
पेन्सिल हातात आहे.
ल्युशस वरून हाक मारतोय,
येताय ना?