वजा दिवस

विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून
नरसव्वा गाजूल नक्कल विभागाच्या खिडकीशी,
बोटांना तंबाखूचा वास.
अपिलाला तीस दिवस, वकील म्हणाले होते.
तिने ते विड्यांसारखे मोजले :
पंचवीसचा एक कट्टा, पाच सुट्या.
आज शेवटची सुटी.

घाबरू नका मावशी, मी म्हणालो,
नकलेला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत.
अकरा झाले. ते वजा.

ती गोल शिक्क्याकडे बघत राहिली.
"मग आत मल्लेशचे बी अकरा
वजा झाले म्हना की."

मागची रांग पुढे रेटली.
मी नक्कल सरकवली, सही घेतली, अंगठाच तो.
तिने पिशवीतून दोरा काढला
आणि निकालाची सतरा पानं
कट्ट्यासारखी
गच्च बांधली.