बी ग्रेड

मोदी नंबर तीनमध्ये मे महिन्यातली दुपार.
दारातल्या कूलरला वाळ्याचा ओला वास,
आत काचेवर मांडलेले पंधरा-सोळा लॅपटॉप,
सगळ्यांची तोंडं मिटलेली.
तौसीफ म्हणाला, "ताई, हा ए ग्रेड, हा बी.
बी म्हणजे झाकणावर ओरखडा, बस. अंदरून सेम."

मला हसू आलं.
एकोणीस वर्षं कळमन्यात अडतीवर हिशेब लिहिते मी,
ए आणि बी मला कोण शिकवणार?
वाऱ्यात फांदीला घासलेलं संत्रं,
सालीवर तपकिरी चट्टा,
बाहेरगावचा व्यापारी त्याला हात लावत नाही.
ते आम्ही पिशवीत घालून घरी नेतो
आणि सोलल्यावर
चट्टा कुठं होता ते कुणाला आठवत नाही.

लांजेवार शेठ म्हणाले होते,
दिवाळीपासून सगळं कॉम्प्युटरवर.
पोरगं ठेवू एखादं, का तुम्ही शिकता?
शिकते, म्हटलं मी.
म्हणून मोकळी झाले तेव्हा
नव्याची किंमत माहीत नव्हती.

बेचाळीस हजार.
शोरूममधला मुलगा चांगला होता,
बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं,
हप्ते समजावले दोनदा.
मशीनवरच्या पारदर्शक कातडीला मात्र
नख लावू दिलं नाही.

आमच्या घरात नव्या वस्तूचं काय होतं सांगते.
फ्रिजच्या हँडलला क्रोशाचा रुमाल.
मिक्सर खोक्यात, खोकं कपाटावर.
रिमोटवरचं प्लास्टिक पिवळं पडलंय,
आकडे अंदाजाने दाबतो.
ह्यांनी हौसेनं आणलेला डिनर सेट
अजून पाहुण्यांची वाट बघतोय,
ह्यांना जाऊन चार वर्षं झाली.
बेचाळीस हजाराच्या मशीनला
मी बोट लावलं असतं?

जाऊबाई म्हणाल्या,
"काहून वं, लोकायचं वापरेल घेऊन राह्यली?
उद्या बिघडलं मंग?"
मी म्हटलं, बिघडून झालंय त्याचं.
एकदा बंद पडलेलं, उघडलेलं,
कोणीतरी डोळ्याला भिंग लावून आत बघितलेलं.
नव्याच्या आत कोण बघून आलंय?

बोलले खरी.
मनात साधी वजाबाकी होती.
चौदा हजार पाचशे, घासाघीस करून चौदा,
उरलेल्यात प्रांजलीच्या होस्टेलचे पाच महिने.
बाकीची कारणं मी घरी येताना बसमध्ये जुळवली.
विकत घेतल्यावर
सगळेच जुळवतात.

बिलावर त्याने निळ्या पेनाने लिहिलं:
वॉरंटी सहा महिने, पाण्यात पडल्यास नाही.
ग्राहक: कुंदा निनावे.

रात्री भांडी झाल्यावर
कूलर बंद केला, आवाजात मला सुचत नाही,
आणि झाकण उघडलं.
सगळं पुसून दिलेलं.
कोणाचा फोटो नाही, कोणाची चिठ्ठी नाही,
फक्त स्क्रीनखाली एक चौकोनी सावली
कधीतरी काढलेल्या स्टिकरची,
कडेला गोंदावर बसलेली धूळ.

त्यानं पहिलं काय विचारलं, तर नाव.
एका बोटाने एकेक अक्षर शोधत गेले.
चुकलं.
खोडायची कळ डोळ्यांना सापडायच्या आधी
बोटालाच लागली.
बाकी सगळ्या खरखरीत, ही एकटी गुळगुळीत,
वरची अक्षरं उडालेली,
मधोमध
जराशी खोलगट.

म्हणजे माझ्या आधी इथं बसून
कोणीतरी
खूप चुकलं होतं.

बोट तिथंच राहू दिलं थोडा वेळ.
मग पुन्हा,
क पासून.