दोन तांबे

रविवारच्या पुरवणीत, राशिभविष्याच्या वरच्या चौकटीत,
आमच्या खानावळीचा फोटो आलाय.
पाटीवरचा 'पू' विजेच्या खांबाआड गेलाय
पण ओळखू येतं:
पूर्णा स्टेशनच्या समोर, सायकलीच्या दुकानाला लागून.

गफूरनं हौसेनं मोठ्यानं वाचायला घेतलं
आणि दुसऱ्याच ओळीला आवाज बारीक केला.
'नावात अन्नपूर्णा, ताटात अपूर्ण.'
'येसराची आमटी म्हणून जे वाढलं
ते मिरचीची आठवण काढत बसलेलं कोमट पाणी.'
'टेबल डुगडुगतं. मालक गल्ल्यावरून उठत नाही.'
शेवटी दीड चांदणी.

अर्धी कशाची दिली असेल?
कुशावर्ता म्हणाली, भाकरीची.
भाकऱ्या तिच्या असतात.

दिवसभर मी मनातल्या मनात उत्तरं लिहायलो.
साहेब, तुम्ही आलात साडेतीनला, पातेल्याच्या तळाला.
साहेब, त्या दिवशी रुळावरची बारा माणसं
एकदम आत आली, हाताला ग्रीस, डोळ्यांत भूक,
त्यांना काय अर्ध्या पोटी उठवायचं होतं?
साहेब, तुरीच्या डाळीचा भाव तुमच्या पुरवणीत येत नाही का?
साहेब, तुमच्या आईनं कधी आमटी वाढवली नाही
दारात पाव्हणे बघून?
एकेक उत्तर झकास जमलं होतं.
पोस्टात टाकण्यासारखं एकही नव्हतं.

कारण पाणी मीच ओतलं होतं.
दोन तांबे.
एक त्या बारा जणांसाठी.
दुसऱ्याला कारण नव्हतं.
दुसरा हाताच्या सवयीनं गेला.

आणि हे त्या साहेबांनाही कळलं नाही
की दोन वर्षं झाली, मी आमटी चाखलेली नाही.
नांदेडच्या डॉक्टरनं तिखट बंद केलं तेव्हापासून
घरच्या डब्यातला दहीभात खातो, गल्ल्यामागे, पाठ फिरवून.
द्रौपदाबाई पळी पुढं करते,
मी तवंग बघतो
अन् मान हलवतो.
रंगावर पास होते रोजची आमटी.

सोमवारी गिऱ्हाईक तेवढंच आलं.
पुरवणी वाचणारे इथं जेवत नाहीत,
इथं जेवणारे पुरवणीवर भजी ठेवून तेल टिपतात.
अकरा वर्षं चार नंबरला बसणारे
तिकीट तपासनीस कल्याणकर आले.
मी पहिल्यांदा उठून त्यांच्याजवळ गेलो,
विचारलं, खरं सांगा, आमटी कशी असते आमची?
त्यांनी भाकरीचा तुकडा उगीच बारीक केला,
आणखी बारीक केला.
म्हणाले, 'गरम असते.'

पुरवणीतलं सगळं पचलं असतं मला.
हे नाही पचलं.

रात्री शटर अर्धं ओढून
मी चार नंबरला बसलो, एक वाटी घेऊन.
कुशावर्ता म्हणाली, मरायचंय का?
पहिला घोट: मीठ ठीक.
दुसरा: धने आहेत, खोबरं आहे, खाली भाजलेल्या गव्हाचा खरपूसपणा.
तिसऱ्याला थांबलो.
काहीतरी गेलेलं होतं,
जसं घरातलं एक माणूस गावाला गेलंय
आणि आपण चार दिवसांनी विचारावं, कुठं गेलं.

उठून फळीवरचे डबे उघडले.
दगडफुलाचा डबा रिकामा.
तळाला नुसती काळी भुकटी, बोटाला लागेल इतकी.
द्रौपदाबाई म्हणाली, दिवाळीपासून सांगायले मी,
तुम्ही म्हणता पुढच्या आठवड्यात.

छाती जळत होती मालगाडी जाईपर्यंत.
बाहेरच्या बाकावर बसून दूध प्यालो,
साहेबांना थोड्या शिव्या दिल्या,
त्यांच्या टायपाला दिल्या, दीड चांदणीला दिल्या,
मग वहीत लिहिलं:
दगडफूल, पाव किलो. मोंढ्यातून. उद्याच.
त्याच्याखाली: तांब्या आत ठेवणे.

गफूरनं पुरवणीचं पान घडी घालून
चार नंबरच्या पायाखाली सारलंय.
तरी डुगडुगतंच.
सुतार बघावा लागेल.