अच्छावाला

बुधवारी दुपारी यज़न माझ्या मांडीवर झोपला,
रोजच्यासारखा, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून.
अंग जरा कोमट लागलं. मी एसी वाढवला, बस्स.
शनिवारी त्याच्या आईचा निरोप आला, आवाजातला:
जुदरी माय.

जुदरी म्हणजे देवी, माय म्हणजे पाणी,
एवढं अरबी मला पाळणाघराने शिकवलंय.
तरी माझ्या कानांनी त्यातली माय वेगळी काढली
आणि चिपळूणला नेऊन ठेवली.

सातवा आठवडा.
तीन महिने पोटातलं ओठावर आणायचं नाही,
ही म्हण आमच्यात अशा वेळी शब्दशः पाळतात.
फक्त निशिकांतला माहीत, आणि तो फहूदला,
चौदा दिवस वाळूत, सात दिवस रुवीत,
रात्री कुठल्याशा टाकीवर चढून नेटवर्क पकडतो
आणि विचारतो, जेवलीस?

क्लिनिक शवरमाच्या दुकानावर.
सिस्टर लिसम्माने कागद पुढे केला:
लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का?
हो, एक चौकोन. नाही, एक चौकोन.
पेन किती वेळ धरून बसले कोण जाणे.
मग तिने दंड बांधला, रक्त घेतलं, म्हणाली, मंगलवार.

चिपळूण दीड तास पुढे. आई झोपायच्या बेतात.
भाजीत गूळ किती घालू, असं विचारावं
तसं मी विचारलं,
"आई, मला कांजिण्या आल्या होत्या का गं?"
पलीकडे पंखा फिरत होता.
मग ती म्हणाली,
"कितवा?"

रडून झाल्यावर (कोण रडलं ते लिहीत नाही)
ती आठवायला बसली.
"एकीला आल्या होत्या. वैशाख होता.
उशाशी कडुलिंब, घरात फोडणी बंद.
दुसरीला आबामामाकडे धाडलं, गुहागरला.
पण आलेली तू की मालन...
दोघींचे फ्रॉक एकाच ताग्यातले होते गं."

मला मामाचं घर आठवतं.
चुलीच्या राखेत भाजलेल्या आठळ्या,
साल सोलताना बोटाला चटका,
विहिरीतलं कासव, त्याला मामी गणपतराव म्हणायची.
माझ्या लहानपणातली ही सगळ्यात चांगली आठवण.
रात्रभर मी तिला हुसकत बसले.
आठळ्या मी खाल्ल्या असतील
तर अंगावर काही उठलंच नसेल.
आरशात भुवईवरचा खड्डा पाहिला.
तो उंबऱ्याचाही असू शकतो.

रविवार. सोमवार.
खिडकीसमोर डोंगर, अंगावर गवताचं एक पातं नाही,
पाळणाघराच्या मॅडमचा मेसेज, सध्या येऊ नकोस,
पगाराबद्दल अवाक्षर नाही.
यज़नचा राग आला का? आला.
सोमवारी दुपारी, पाचेक मिनिटं.
तीन वर्षांचं पोर, आत्ता खाजवून खाजवून रडत असेल,
आणि त्याला कुणी मांडीवर घेत असेल नसेल.
ओढणी धुवायला काढली,
टोकावर त्याच्या लाळेचा वाळलेला डाग.
परत खुर्चीवर टाकली.

मंगळवारी लिसम्माने दारातूनच नाव घेतलं,
नीलांबरीचं निलंबरी करून,
आणि म्हणाली, पॉझिटिव्ह.
माझे पाय गेले.
तिने धावत येऊन खांदा धरला,
"नो नो, ये अच्छावाला पॉझिटिव्ह है.
तुमको बचपन में हो गया. बेबी को कुछ नहीं."
खालून लसणाचा वास येत होता.
तीन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

आईने फोन कानाला धरूनच देवापुढे साखर ठेवली,
वाटीचा आवाज आला.
मग बराच वेळ गप्प, आणि एकदम,
"म्हणजे मामाकडे मालन गेली होती?"

मालनला विचारलं. ती म्हणाली, छे,
मला तर कडुलिंबाचा वास आठवतो,
आणि तू खिडकीबाहेरून वेडावत होतीस.

आठळ्यांची चव अजून जिभेवर आहे.
मी ओढणी बादलीत भिजत घातली.