उपयोगिता प्रमाणपत्र

सावे बाई म्हणतात,
आधीचा हप्ता खर्च झाल्याचं लिहून दे,
मग पुढचा सुटेल.
मी म्हणते, बाई, आधीचाच आलेला नाही.
त्या चष्म्यावरून बघतात, रागानं नाही,
आणि म्हणतात, अगं, लिहायला काय लागतं.

कलिन्यातल्या त्या खोलीत पंखा फिरला
की फायलींचे कोपरे उठतात, बसतात.
त्यातली माझी कुठली, मला दारातूनच कळतं.
गुलाबी नाडी.
नाडी मी माझ्या पैशांनी घेतली.

बँकेच्या लेखी मी घाटवळ,
विद्यापीठाच्या लेखी घाटवाळ.
एका कान्यापायी सात महिने.
शेवटी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं
की मी आणि मी एकच आहोत.
शिक्का मारताना नोटरीनं विचारलं, नक्की ना?

माझा विषय निवटी.
भांडुपच्या पंपिंग स्टेशनामागे, खाडीच्या चिखलात.
ओहोटी लागली की बाकीचे मासे पाण्यामागे पळतात,
ही जात नाही.
कल्ल्यांत घोटभर पाणी धरून
उघड्या चिखलावर बसते, डोळे वर काढून,
आणि ते पाणी पुरवून पुरवून वापरते.
यावर माझी एकशे नव्वद पानं झाली आहेत.
त्यातल्या एकाही पानावर लिहिलेलं नाही
की मला हे इतकं चटकन कसं समजलं.

फोर्टात एका ट्रस्टची कचेरी आहे, चौथा मजला.
लिफ्टवर 'बंद' लिहिलेली पाटी लिफ्टपेक्षा जुनी.
तिथे तीन म्हातारे, एक बिस्किटांची बशी.
बशी माझ्यासाठी होती की नाही
ते शेवटपर्यंत कळलं नाही.
मधल्यानं विचारलं, या माशाचा उपयोग काय?
मी आठवडाभर घोकलं होतं:
खारफुटी, शिसं, पारा, बदलतं हवामान.
तोंडातून निघालं, कालवण चांगलं होतं.
मर्झबानशेठ इतके हसले की खोकला लागला,
इतके खोकले की कुणीतरी पाणी आणलं.
मंजूर झाले. अठरा हजार. बिनव्याजी.
नोकरी लागली की परत.
फक्त पगारदार जामीन दोन.

एक सर.
दुसरा शोधायला बसले तेव्हा ध्यानात आलं,
माझ्या ओळखीत पगार कुणालाच नाही.
फ्लेविया ट्यूशन घेते, मोईन रात्री पार्सलं पोचवतो,
बाबांचं गॅरेज चाललं तर चालतं.
हे मी सावे बाईंना सांगितलं नव्हतं.
फॉर्म फक्त त्यांच्या टेबलावर ठेवला होता,
पंच मशीन मागायला.
त्यांनी तो वाचला. डबा बंद केला.
खणातून पगाराची स्लिप काढली
आणि सही केली, ठसठशीत, 'वै. सावे'.
रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत, म्हणाल्या,
तोवर माशांना सांग जरा आटपा.

तर आता प्रमाणपत्र.

प्रमाणित करण्यात येते की न आलेली रक्कम
मंजूर कामासाठीच वापरण्यात आली.
मेसच्या वहीत चार पानं, पाचवं उलटलेलं.
फ्लेवियाचे तीन हजार, जे ती मागत नाही,
म्हणून तिच्या खोलीवरून जाताना
मी चपला हातात घेते.
हरेश्वर नाखव्याच्या होडीच्या अकरा फेऱ्या.
दर फेरीला तो म्हणतो, पुढच्या वेळी दे,
आणि दर फेरीला थोडा लवकर परततो.
आईला एक फोन: आले गं पैसे.
हा खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवावा, समजलं नाही.
शिल्लक निरंक.

सावे बाई उभ्यानंच वाचतात.
होडीपाशी थांबतात, आईपाशी जास्त.
मग कागदाची नीट चौघडी करून
पर्समध्ये ठेवतात, फायलीत नाही.

हे चालायचं नाही, म्हणतात.
नमुना ब घे. तीन प्रती.
आणि पेन आणलंयस का,
की तेही मीच देऊ?