तीन चाकं

देवास नाक्याच्या पुढे, टायरच्या ढिगामागे
ताहेरभाईंचा अटाला.
इंदुरात भंगाराला अटाला म्हणतात,
आम्ही मराठी माणसंही तेच म्हणतो
आणि घासाघीस हिंदीतच करतो.

मी आले होते ऑम्नीच्या मागच्या ड्रमसाठी.
शाळेच्या मुलांची गाडी, मालकाला नवा परवडत नाही.
पिशवीत सतराचा पाना, तारेचा ब्रश, हातोडी, व्हर्नियर.
नियम बाबांचा:
लोखंड दुसऱ्यांदा चालतं. रबर नाही.
रबर आतून कधी मेलं
ते वरून कळत नाही.

ड्रम दोरीला टांगायचा, हातोडीनं हलकेच टिचकी.
धड असेल तर वाजतो, जाडसर, खर्जात, बराच वेळ.
चीर असेल तर नुसतं थप्प.
माठ घेताना आई असंच करायची,
फक्त तिची बोटं स्वच्छ असायची.

सहावी की सातवी ऑम्नी. पांढरी.
तोंड आत गेलेलं, स्टिअरिंग सीटला टेकलेलं.
मागचं डावं चाक काढलं, ड्रम हलेना.
दोन भोकांत दोन बोल्ट घातले,
एक आटा इकडे, एक आटा तिकडे,
करकरत सुटला.
आणि काठावर, ब्रशनं गंज झाडल्यावर,
पंचाचे तीन ठिपके.
तिसरा वाकडा.

तिसरा नेहमीच वाकडा पडायचा.
ड्रम घासून झाला की बाबा खूण करायचे
आणि तिसऱ्या ठोक्याला त्यांचं लक्ष
पुढच्या गाडीकडे गेलेलं असायचं.

म्हणजे ही ती.
मानपूरच्या घाटातली.
सात वर्षं ठाण्याच्या आवारात, दोन इथं.

"ब्रेक लागलाच नाही,"
ड्रायव्हरचा भाऊ दुकानात येऊन म्हणाला होता.
ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.
अकरा दिवसांपूर्वीच काम करून दिलेलं.
बाबांना कुणी बोलावलं नाही, विचारलं नाही,
त्यांनीच शटर ओढलं.
तेव्हापासून कुणाच्याही गाडीत बसले
की उजवा पाय खालच्या चटईवर
दाबून धरतात.

मी मातीतच बसले.
मागचं डावं: लायनिंग चार मिलिमीटर. सिलिंडरशी तेलाचा डाग नाही.
मागचं उजवं: तसंच. स्प्रिंगा जागच्या जागी.
पुढचं डावं: पिस्टन गंजलाय, तो नऊ पावसाळ्यांनी.
पॅड दोन्ही सारखे झिजलेले, जसे झिजावेत.
पुढचं उजवं

नाही.
नुसता हब. कॅलिपर गेलेला,
नळी आरीनं कापलेली,
तांब्याचं वॉशरसुद्धा कुणी सोडलं नव्हतं.

"वो तो कब का गया, बेटा," ताहेरभाई म्हणाले,
"कोई उज्जैनवाला ले गया."

उज्जैनच्या कुठल्यातरी रस्त्यावर
कुठल्यातरी गाडीखाली
ते रोज थांबतंय.
किंवा एकदा थांबलं नाही.

ड्रम टांगून वाजवला. वाजला.
आतला व्यास मोजला, दोनदा.
दीडशे रुपये. किलोच्या भावानं देईनात,
म्हणाले, चीज चालू आहे.

चारातले तीन.
एवढ्या गुणांत मी वरच्या वर्गात जायचे,
घरी पेढे यायचे.

बाबा जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत होते.
वर्तमानपत्र पसरून ड्रम पुढ्यात ठेवला.
काही सांगावं लागलं नाही.
काठावरून बोट फिरलं, तिसऱ्या ठिपक्यावर थांबलं.
"लायनिंग किती होतं?"
"चार."
"बाकीची?"
दोन चाकांचं सांगितलं, नीट, आकड्यांसकट.
"आणि चौथं?"
"नव्हतं."

एक पाकळी सोलली. दुसरी.
सालं ड्रमात टाकत होते, त्यांच्या लक्षात नसावं.
मग म्हणाले, "मुलांची गाडी आहे.
सिलिंडरचं रबर नवं घाल."

टेबलाखाली त्यांचा पाय
मला दिसत नव्हता.