चार तोंडं

रेवा, तुझा निरोप मिळाला.
मॉरीनबाई दोन दिवस इंदुरात, काका, काय दाखवाल ते कळवा,
आणि नमुन्यादाखल तुझ्या कॉर्कची यादी:
नदी दोन फाट्यांनी गावाला कवेत घेते ते पुलावरून पाहावं,
जुन्या बाजारात लोणी आणि मासळी एकाच छपराखाली हुंगावी,
शँडनच्या मनोऱ्यावर चढावं, दोरी धरावी,
घंटा आपल्या हातानं वाजवावी.
सूर चुकला तर सगळ्या गावाला कळतं,
रागवत कुणी नाही.

आणि खाली, जाता जाता लिहावं तसं:
मनोऱ्याला चार घड्याळं, चार दिशांना चार वेळा,
लोक त्याला लाडानं म्हणतात
चार तोंडांचा खोटारडा.

मी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं.

मग यादी केली, बिलाच्या पाठीवर.
राजवाडा: खाली दगड, वर लाकूड, मजले सात.
लालबागचं फाटक.
काचमंदिर, जिथे एक माणूस शिरला की जत्रा होते.
सकाळी पोहे, वर जिरावण सढळ हातानं,
रात्री सराफा, सोनं कुलुपात गेलं
की त्याच ओट्यांवर गराडू.
काकूनं वाचून परत दिली.
म्हणाली, हे तर रिक्षावालाही सांगतो.

बाई आल्या जानेवारीत.
आम्ही मफलरात, त्या अर्ध्या बाह्यांत.
काचमंदिरात बूट काढले तर मोज्याला अंगठ्याशी भोक,
आणि छतात, भिंतीत, खांबात
हजार अंगठे.
इतक्या हसल्या की पहारेकरीही हसला,
जो मला चाळीस वर्षांत हसलेला ठाऊक नाही.
गराडूचे तीन दोने खाल्ले. चौथा मागवला तो माझ्या नावावर.

दुसऱ्या दिवशी गांधी हॉल.
मनोऱ्याखाली उभ्या राहून विचारलं,
दोरी कुठे आहे?
काय सांगू?
जिन्याला कुलूप, किल्ली पालिकेत,
आणि पालिकेतले साहेब
जेवायला गेलेत ते कुठल्या साली, कुणाला आठवत नाही.
त्या काही बोलल्या नाहीत. मनोऱ्याला फेरी मारायला लागल्या,
देवळाला मारतात तशी. मी मागे.

रेवा, जन्म इथे गेला.
दुसऱ्यांच्या घड्याळांना खरं बोलायला शिकवून पोट भरलं.
आणि या मनोऱ्याचं मी एकच तोंड पाहिलेलं,
रस्त्याकडचं.
मागच्या बाजूला कबुतर मिनिटकाट्यावर बसलं होतं,
तिथे नऊला दहा कमी होते, कधीचे कोण जाणे.
मला लाज वाटली, आपल्याच घरातलं कुणी
न जेवता झोपलेलं उशिरा कळावं तशी.
बाई म्हणाल्या, आमच्याकडे वारा लागला की काटे अडखळतात.
पण तास भरला
की चौघांचं एकमत होतं म्हणे.

आमच्याकडे एकमत!

त्यांना दुकानात आणलं, खजुरी बाजारात,
दीड हात रुंद, उभं राहायचं तर एकानं श्वास सोडायचा.
भिंतीवर सतरा घड्याळं, दुरुस्त झालेली, कुणी न नेलेली.
मुळ्यांचं लंबकवालं एकोणनव्वद सालचं,
पावती अजून माझ्याच गल्ल्यात.
मी सतराही किल्ल्या भरल्या.
वेळ मात्र कुणाची बदलली नाही,
ज्याची जिथे थांबली होती तिथूनच चालू दिली.
मुळ्यांचा लंबक बाईंच्या हातात दिला,
म्हटलं, ही आमची दोरी.

त्यांनी डोळे मिटले आणि हलकेच सोडला.

पहिलं वाजलं, त्याच्या टोल्यात दुसरं घुसलं,
एकाचे पाच, एकाचे अकरा,
मधे एक नुसतंच खाकरलं.
शेजारचे गेलडाजी वह्यांचा गठ्ठा टाकून धावत आले,
भिया, हो क्या गया?
काही नाही, म्हटलं, पाहुण्यांना गाव दाखवतोय.

तर यादी खोडली आहे. नवी पाठवत नाही.
पुढचं कुणी निघालं तर एवढं सांग,
दुकान दहाला उघडतं.
उशीर झाला तरी या,
सतरांतलं एखादं
वाजायचं राहिलेलं असतंच.